भयभीतांचा विश्वास

शास्त्रपाठ : मार्क ४:३५ ते ५:४३

आमच्या विभागातील एका खेड्यातून तेथील उपदेशकबंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांच्या लहानशा मंडळीत आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला एक शेतमजूर आहे. तो उपासनेस नियमाने येतो व आपल्या तुटपुंज्या मजुरीतून दानही न चुकता देतो. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीस ताप येऊ लागला, तो आठ दिवस उतरेना. नवव्या दिवशी उपदेशक समाचारास गेले तेव्हा मुलीच्या दंडास काळा दोरा बांधलेला त्यांच्या दृष्टीस पडला. दोरा देवऋषीकडचा होता. आजीने आणला व बापाने बांधू दिला. विचारले असता बाप खाली मान घालून एवढेच म्हणाला की, मी भ्यालो. ही गोष्ट मंडळीत पसरली, आणि दोघातिघा वडिलांनी असे मत दिले की, ज्याच्या ठायी भय आहे त्याच्या ठायी विश्वास नाही, व ज्याच्या ठायी विश्वास नाही त्यास प्रभुभोजनास बसू देऊ नये. याविषयी शास्त्र काय सांगते ते सर्वांच्या उपयोगासाठी या पत्रात लिहावे, अशी उपदेशकबंधूंची विनंती आहे.

वडिलांचे बोलणे ऐकण्यास सरळ वाटते. भय व विश्वास ही दिवस व रात्र यांसारखी आहेत, एक आले की दुसरे जाते, असे आम्हीही व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहो. परंतु मार्काच्या शुभवर्तमानाचा वर दिलेला भाग एका बैठकीत, मध्ये न थांबता, वाचून पाहावा. आपल्याला तो तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची सवय लागली आहे. एका रविवारी वादळ, दुसऱ्या रविवारी डुकरे, तिसऱ्या रविवारी याईराची कन्या. वास्तविक मार्काने या गोष्टी एकीस एक लावून सांगितल्या आहेत, आणि त्या सर्वांत भ्यालेली माणसे आहेत. ती भ्याली की नाही, हा प्रश्न तेथे नाहीच. भ्याल्यावर ती कोणीकडे वळली, हे मार्क आपल्याला दाखवितो.

प्रथम होडी. गालीलचा समुद्र म्हणजे आपल्याकडील मोठ्या धरणाच्या जलाशयासारखे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे १३ मैल, रुंदी जेथे अधिक तेथे ८ मैल. ते समुद्रसपाटीहून सुमारे ७०० फूट खोल खळग्यात वसले आहे व भोवती डोंगर आहेत. त्यामुळे वरून वारा एकाएकी उतरतो आणि शांत पाणी घटकेत उसळू लागते. सन १९८६ मध्ये अवर्षणाने या सरोवराचे पाणी ओसरले असता गिनोसर गावाजवळच्या चिखलात सुमारे पहिल्या शतकातील एक होडी सापडली. तिची लांबी सुमारे २७ फूट व रुंदी साडेसात फूट भरली. प्रभूची होडी तीच, असे कोणी म्हणू नये. परंतु त्या काळच्या होड्या केवढ्या असत हे तीवरून समजते. दोन बैलगाड्या मागेपुढे उभ्या केल्या तर जेवढी जागा व्यापतील, जवळजवळ तेवढ्या लाकडात शिष्य व प्रभु दाटीने बसले होते, रात्र होती, आणि लाटा आत येत होत्या. त्यांतील निदान चौघे जन्माचे कोळी होते. पाण्याची सवय नसलेला मनुष्य उगाच भितो. ज्याला पाणी ठाऊक आहे तो भितो तेव्हा खरेच काही बिघडलेले असते.

वादळ शमल्यावर प्रभूने त्यांस दोष दिला, हे खरे. तेथे मूळ ग्रीक भाषेत 'देइलोस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ भ्याड, कच खाणारा. हाच शब्द प्रकटीकरण २१:८ येथे नाशास जाणाऱ्यांच्या यादीत अगदी आरंभी येतो. म्हणून ही हलकी गोष्ट आहे असे कोणी समजू नये. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, त्या भ्याडांनी त्याच घटकेत प्रभूस हलवून जागे केले. त्यांची हाक चांगली नव्हती. आम्ही मरतो याची तुला पर्वा नाही काय, अशा उर्मट अर्थाची ती हाक होती. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसलेल्या आईच्या तोंडून असे शब्द आम्ही ऐकले आहेत. तरी प्रभु उठला. अगोदर विश्वास दाखवा, मग वारा थांबवीन, अशी अट त्याने घातली नाही. आधी वारा थांबला व दोष मागाहून मिळाला. शिक्षा देण्याची घाई झालेल्या मंडळीने हा क्रम विसरू नये.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. वारा पडला, पाणी निवळले, आणि मग शिष्य फार भ्याले, असे मार्क लिहितो. येथे शब्द निराळा आहे, 'फोबोस'. आणि मूळ वाक्याची ठेवण अशी की, ते मोठे भय भ्याले. वादळात असताना हा शब्द त्यांच्याविषयी वापरलेला नाही. मरणाच्या भयाहून मोठे भय त्यांस निवांत पाण्यावर लागले, कारण आपल्याशेजारी उशीवर डोके ठेवून निजलेला हा कोण, हे त्यांस उमगू लागले होते. त्या होडीतून विश्वास चढत गेला आणि भय उतरत गेले, असे घडलेच नाही. एक भय गेले व दुसरे त्याच्या जागी आले, आणि या दुसऱ्याने त्यांची तोंडे प्रभूकडे फिरविली.

आता पलीकडचा काठ. गरसेकरांच्या प्रांतात थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा मनुष्य बरा झाला व सुमारे दोन हजार डुकरे पाण्यात बुडाली. गावकरी पाहावयास आले. तो मनुष्य वस्त्र नेसून शुद्धीवर येऊन बसलेला आहे, असे पाहून ते भ्याले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. तो रात्रंदिवस ओरडत असता, दगडांनी अंग ठेचून घेत असता त्या गावचा व्यवहार चालला होता. वेड्याची त्यांस सवय झाली होती. शहाण्याची भीती वाटली. आमच्या खेड्यांत दारू पिऊन पडणाऱ्या मनुष्याचे कोणास काही वाटत नाही. त्याने दारू सोडली, मुलीस शाळेत घातली, सावकाराच्या वहीतील आकडा आपल्या डोळ्यांनी वाचून पाहिला, की चावडीवर कुजबूज सुरू होते. गरसेकरांनी प्रभूस आपल्या प्रांतातून निघून जाण्याची विनंती केली. त्यांत शिवीगाळ नव्हती, धोंडेही नव्हते; विनंतीच होती. आणि प्रभु होडीत बसून गेला. या सबंध भागात ज्यांचे भय खरोखर घातक ठरले ते हेच लोक होत, आणि त्यांच्या तोंडून ओरडण्याचा एक शब्दही निघाला नव्हता.

अलीकडच्या काठावर याईर उभा आहे. सभास्थानाचा अधिकारी, प्रतिष्ठित मनुष्य. मुलगी मरणाच्या पंथास लागली तेव्हा सर्वांदेखत पाया पडला. प्रभु त्याच्याबरोबर निघाला, आणि वाटेत ती स्त्री आली. बारा वर्षे तिचा रक्तस्राव चालू होता. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते गेले, व दुखणे अधिकच वाढले. लेवीय १५ व्या अध्यायाप्रमाणे ती विटाळशी. ती ज्यावर बसेल ते विटाळलेले, त्यास जो शिवेल तो विटाळलेला. अशा बाईने गर्दीत शिरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या आजोबापणजोबांस विहिरीच्या काठावर पाय ठेवण्याची मनाई होती, त्यांना ती बाई पाठमोरी, पदर ओढून, हात हळूच पुढे करताना डोळ्यांसमोर दिसेल.

तिची इच्छा काय होती? बरे व्हावे, आणि कोणास कळू नये. ही इच्छा आम्हांस फार ओळखीची आहे. आपल्याच देशातील एक उदाहरण देतो. सन १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्यात होते. जातिभेद खोटा, मूर्तिपूजा खोटी, असे ते मानीत, आणि जात मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खात. पण हे सर्व दारे लावून चाले. बाहेर पडल्यावर जो तो आपापल्या जातीत नीट वागे. सन १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची कागदपत्रे चोरीस गेली, नावे उघड होण्याची धास्ती पडली, आणि सभा मोडली. त्या सभासदांस हसण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी नाही. रविवारी मंदिरात एक व सोमवारी जत्रेत दुसरे असे वागणारी आमची कित्येक घरे म्हणजे लहान लहान परमहंस सभाच आहेत. त्या सभेत काही काळ बेळगावचे बाबा पद्मनजीही होते. पुढे 'यमुनापर्यटन' लिहून मराठी भाषेत नाव मिळविलेले हेच ते गृहस्थ. ख्रिस्ती धर्म सत्य अशी खातरी झाल्यावरही बाप्तिस्म्यासाठी पुढे येण्यास त्यांचे पाऊल बराच काळ उचलेना. आईबापांचे दुःख व जातीचा कोप त्यांस दिसत होता, आणि ते खोटे भय नव्हते. तसेच सर्व घडले. अखेर सन १८५४ मध्ये बेळगावास त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मधल्या काळात बाबा पद्मनजींच्या ठायी विश्वास नव्हता, असे कोण म्हणेल? विश्वास होता, आणि तो लपून बसला होता.

प्रभूने त्या बाईस लपू दिले नाही. मला कोणी शिवले, असे विचारीत तो गर्दीत थांबला. तेव्हा ती भीत व कापत आली, पाया पडली, आणि सर्व खरे सांगितले. गरसेकर भ्याले व त्यांनी प्रभूस जावयास सांगितले. ही भ्याली आणि त्याच्या पायांशी आली. मार्काने दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद वापरले आहे. भयाच्या मापात फरक काढू गेलो तर या बाईचेच भय अधिक भरेल, कारण तिला कापरे भरले होते. आणि याच थरथरणाऱ्या बाईस प्रभूने कन्या म्हणून हाक मारली व तुझ्या विश्वासाने तू बरी झालीस असे सांगितले. तिच्या विश्वासात भय नव्हते असे म्हणावयाचे झाले तर हे वचनच खोडावे लागेल.

इतका वेळ याईर उभाच आहे. आपण याईराच्या जागी असतो तर त्या बाईचा आपणांस केवढा राग आला असता! बारा वर्षांचे दुखणे आणखी एक दिवस थांबले असते. त्याच्या मुलीला तेवढा वेळ नव्हता. इतक्यात घरून माणसे आली: मुलगी गेली, आता गुरूला श्रम कशाला? तेव्हा प्रभूने त्यास सांगितले की भिणे थांबव, विश्वास मात्र धरीत राहा. ग्रीक क्रियापदांचे रूप चालू काळाचे असल्यामुळे आम्ही असा अर्थ करतो. विश्वास आण, असे ते नाही; जो घेऊन तू घरून निघालास तो हातचा सोडू नकोस, असे आहे. याईराने यावर काय उत्तर दिले? काहीच नाही. येथून पुढे अध्याय संपेपर्यंत त्याच्या तोंडचा एक शब्दही मार्काने दिलेला नाही. त्याचे भय गेले असेही लिहिलेले नाही. तो चालला, एवढेच आपल्याला कळते. त्या वाटेवर, निरोप ऐकल्यापासून उंबरठ्यापर्यंत, त्याच्या मनात भय व विश्वास दोन्ही असावीत असे आम्हांस वाटते. आणि दारात रडारड करणाऱ्यांनी प्रभूस हसून दाखविले तेव्हाही याईर प्रभूच्या बाजूला उभा राहिला. दुखणेकऱ्याच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने ही वाट मनात चालून पाहावी. व्यासपीठावर विश्वासाची व्याख्या सांगणे सोपे आहे. या वाटेवर ती कोणी विचारीत नाही.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे बरे दिसणार नाही. पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत आमच्या मंडळीतील एक गृहस्थ बैल आजारी पडला म्हणून मरीआईस नारळ फोडून आला. आम्ही त्यास घरी जाऊन भेटलो नाही. पुढच्या रविवारी उपदेशात, नाव न घेता पण सर्वांस कळेल अशा रीतीने, आम्ही त्याची अविश्वासी म्हणून निर्भर्त्सना केली. तो दाराजवळ बसला होता; गीत सुरू होण्यापूर्वी उठून गेला. तो बैल उसन्या पैशांचा होता, हे आम्हांस मागाहून कळले. पुष्कळ दिवसांनी आम्ही आपल्याच मनास विचारले की, त्या दिवशी एवढा आवेश कोठून आला? उत्तर लाजिरवाणे होते. त्या महिन्यात वरिष्ठ मंडळी पाहणीस येणार होती, आणि आपल्या मंडळीत असे प्रकार चालतात हे त्यांच्या कानी जाईल, अशी आम्हांस धास्ती होती. तो मनुष्य बैलास भ्याला, आम्ही पाहुण्यांस भ्यालो. शिक्षा त्यास झाली, आणि उपदेश चांगला झाला म्हणून आमची स्तुती झाली.

म्हणून पेत्राची गोष्ट आम्हांस अलीकडे निराळी वाटते. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हिएरापोलीचा अध्यक्ष पपियस याच्या सांगण्याप्रमाणे मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिले. तसे असेल तर शेकोटीपाशी एका दासीस भिऊन पेत्राने केलेला नकार मंडळ्यांस कोणी कळविला? ज्याची ती लाज होती त्यानेच. मंडळीचा स्तंभ म्हटलेला हा मनुष्य आपल्या भयाची गोष्ट आपणच सांगत गावोगाव फिरला असेल, हे मनात आणावे. आमच्या मंडळ्यांतील वडिलांनी, आणि पाळकांनीही, आपण कधी भ्यालो ते एकदा तरी सांगितले असते, तर त्या शेतमजुरास खाली मान घालावी लागली नसती. गेथशेमानेत प्रभु स्वतः व्याकूळ झाला हे मार्क १४:३३ येथे लिहिलेले आहे. प्रभूने जे झाकले नाही ते आपण का झाकावे?

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की मग दोरा बांधला तर बिघडले काय? बिघडले, पुष्कळ बिघडले. तो दोरा त्या मुलीस सांगतो की तुझा बाप ज्याची प्रार्थना करतो तो पुरेसा नाही. शिवाय त्या दोऱ्याच्या भरवशावर आणखी दोन दिवस निघून जातात, आणि नऊ दिवसांच्या तापात दोन दिवस म्हणजे थोडे नव्हेत. हिवताप असो वा विषमज्वर, रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मी भ्यालो हे ज्याने आपल्या तोंडाने सांगितले तो त्या बाईच्या मार्गावर आहे. गरसेकरांच्या मार्गावर असता तर त्याने उपदेशकास दारातूनच हात जोडून परत पाठविले असते. सर्व खरे सांगणाऱ्यास भोजनापासून दूर करणे आणि दोरा सदऱ्याखाली लपवून येणाऱ्यास पंक्तीस घेणे, असा नियम आपल्या मंडळ्यांत रूढ झाला, तर लोक लपविण्यास शिकतील. तसे ते शिकू लागले आहेत, असा आम्हांस संशय आहे.

उपदेशकबंधूंस आम्ही टपालाने निराळे उत्तर पाठविले आहे, त्यातील थोडे येथे देतो. संध्याकाळी, मजुरीवरून तो परत आल्यावर जावे. वडिलांपैकी जे अधिक रागावले आहेत त्यांस बरोबर न्यावे, पण त्यांनी त्या घरी पाणी घेतल्याशिवाय विषय काढू नये. आजीशी आदराने बोलावे. तिनेही नातीच्या जिवासाठीच पायपीट केली. आपल्या हाताने दोरा तोडू नये. कात्री त्या बापाच्या हाती असावी, आणि ती आजच उचलली पाहिजे असे नाही. मार्क ५ वाचावा, व शेवटचे वचन गाळू नये. मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या असे प्रभूने सांगितले, ते घाबरून गेलेल्या घरास ऐकू यावे. आणि हे सर्व करण्यापूर्वी मुलीस सरकारी दवाखान्यात न्यावे, बैलगाडी मिळो वा मोटार. भाड्याचे पैसे मंडळीच्या निधीतून द्यावे, वडिलांनी कुरकूर केली तर आमचे नाव सांगावे.

त्यांच्या पत्रात प्रभुभोजनाविषयी दोन पाने आहेत. मुलीचा ताप उतरला की नाही, हे मात्र लिहावयाचे राहून गेले आहे. ते त्यांनी आधी कळवावे.